गावाच्या वर्षावर आखलेली पीएच.डी.

मानवशास्त्रात पीएच.डी. करायची म्हटलं की विद्यार्थी आधी प्रवेशाची चौकशी करतात. माझ्या मते आधी ठरायला हवं ते हे, की वर्षभर कोणत्या गावात आणि कोणत्या माणसांत राहायचं. विद्यापीठाच्या तारखा त्यानंतर त्याभोवती बसवता येतात. अमरावती-अकोल्याकडच्या विद्यार्थ्याला तर विषय शोधायला लांब जावंच लागत नाही.

विषय : एका घराच्या किती चुली?

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली काही कोरकू गावं डोंगर उतरून अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवली गेली आहेत. ‘पुनर्वसनाचा कोरकू समाजावरील परिणाम’ असा विषय घेतला तर पीएच.डी.च्या सहा वर्षांत तो आवरणार नाही. त्यातला एक धागा धरावा. पुनर्वसनाच्या मोबदल्यात अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब धरला जातो. 2008 च्या योजनेत अशा प्रत्येक कुटुंबामागे दहा लाख रुपये होते. म्हणजे बाप आणि दोन मुलगे एका चुलीवर जेवत असले तरी कागदावर तीन कुटुंबं झाली. मग चुली किती झाल्या? पैसा कोणाच्या खात्यात राहिला, बैल कोणाकडे गेले, म्हातारी कोणाच्या ताटात जेवते, लग्न झालेल्या मुलीला काय मिळालं? नातेसंबंध, जमीन आणि सरकार या तिन्ही गोष्टी या एका प्रश्नात येतात. शिवाय चुली मोजता येतात आणि माणसांना त्यांच्याबद्दल विचारताही येतं.

आधी काय वाचावं

रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड 1916 चे. त्याच सुमाराची अमरावती आणि अकोल्याची जिल्हा गॅझेटियर्सही आहेत. ही पुस्तकं वाचायलाच हवीत, पण ती प्रशासनाच्या चौकटीत लिहिली गेली आहेत हे लक्षात ठेवून. फासेपारध्यांवरचं लिखाण वाचताना तर ही सावधगिरी फारच लागते, कारण तो काळ गुन्हेगार जमाती कायद्याचा होता. स्टीफन फुक्स यांचा कोरकूंवरचा ग्रंथ 1988 चा. इरावती कर्वे यांचं भारतीय नातेसंबंधांवरचं 1953 चं पुस्तक चुलीच्या प्रश्नासाठी आजही पायाभूत आहे. कर्व्यांची बर्लिनमधली पीएच.डी. मात्र कवट्यांच्या मोजमापावर होती आणि मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या वंशवादी गृहीतकाला दुजोरा देणारा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. प्रबंधाचा विषय जन्मभर पुरला नाही तरी चालतो. आकडे जे सांगतात ते लिहिण्याची सवय मात्र जन्मभर पुरते.

प्रवेश, गाइड, मुदत

मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आहे आणि वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात समाजशास्त्रातून जाता येतं. तसं केल्यास मानवशास्त्राची पद्धत जाणणारा गाइड शोधणं जास्त महत्त्वाचं ठरतं. भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचं मध्य विभागीय केंद्र नागपुरात आहे. वऱ्हाडातून तिथं एका दिवसात जाऊन येता येतं.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार एम.ए.ला 55 टक्के लागतात आणि राखीव गटांना पाच टक्के सवलत आहे. पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षं मिळतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. जून 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, म्हणून जागा रिकामी आहे का हे अर्ज भरण्याआधीच विचारून घ्यावं. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना 37 हजार मिळतात. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. फेलोशिपचे हप्ते उशिरा येतात, त्यामुळे गावात राहायच्या वर्षाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवलेले बरे.

गावातलं वर्ष

सगळी आखणी इथं येऊन ठरते. कोर्सवर्क चालू असतानाच कोरकू भाषा शिकायला घ्यावी. मेळघाटातला पुरुष परक्याशी हिंदी बोलतो. घरातल्या बायका आपापसात कोरकूत बोलतात, आणि चुलीचा हिशेब त्यांच्याकडेच असतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात जायचं तर क्षेत्र संचालकांच्या अमरावतीतल्या कार्यालयात अर्ज लवकर द्यावा. ग्रामसभेसमोर उभं राहून आपण काय विचारणार आणि काय लिहिणार, हेही सांगावं. मेळघाटात कुपोषणाच्या निमित्तानं सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. तुम्ही त्यांच्यापैकी नाही, हे पटायला महिने जातात.

डोंगरातल्या, अजून न हललेल्या गावात शिरावं ते पेरणीच्या तोंडावर. पावसाळ्यात माणसं घरी भेटतात आणि संध्याकाळी बोलायला वेळ असतो. वंशावळी तेव्हाच लिहून घ्याव्यात. दिवाळीनंतर डोंगरातली बरीच माणसं मजुरीला खाली उतरतात. तेव्हा रिकाम्या गावात प्रश्नावली भरत बसू नये. अकोटकडे कापूस वेचणीला आणि पुढं हरभरा सोंगणीला त्यांच्याबरोबर जावं. पुनर्वसित गावातल्या नातेवाइकांकडे कोण मुक्कामाला उतरतं, हे पाहायची संधीही तीच. होळीला मात्र मूळ गावातच हजर असावं, कारण बाहेर गेलेलं माणूस या सणाला घरी येतं. जानेवारीत सुरू होऊन मेमध्ये संपणारं फिल्डवर्क कागदावर सोयीचं दिसतं, पण वंशावळींचा पावसाळाच त्यातून निसटतो.

वहीत डाव्या पानावर पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहावं, उजवं पान आपल्या तर्कासाठी ठेवावं. घराचा नकाशा हातानं काढावा आणि चुली, खाटा, गोठा, पेटीची जागा त्यात दाखवावी. पारंपरिक कोरकू गावात घरांच्या दोन ओळी समोरासमोर असतात. नव्या वसाहतीत भावांना शेजारचे प्लॉट मिळाले की दूरचे, हे असल्या नकाशातच उमटतं. त्याच रात्री टिपणं नीट लिहून काढावीत आणि माणसांची नावं त्याच वेळी बदलावीत.

लिखाण आणि परतफेरी

गावातून आल्यावर किमान दीड वर्ष लिखाणाला ठेवावं. सहामाही प्रगती अहवाल सल्लागार समितीपुढे जातोच. त्याच्याच निमित्तानं प्रकरणं पाडत गेलं तर शेवटी धावपळ होत नाही. पहिल्या मसुद्यानंतर पुन्हा एकदा गावात जावं आणि चुलीचं प्रकरण कोरकूत तोंडी सांगून चुका विचाराव्यात. त्यासाठी महिनाभर राखून ठेवावा, कारण दुरुस्त्या बऱ्याच निघतात. बाहेरचे दोन परीक्षक, खुला व्हायवा आणि पदवी झाली की प्रबंध शोधगंगेवर सर्वांना वाचायला मिळतो. म्हणून घर ओळखू येईल असा तपशील छपाईआधीच काढावा. शंभर उंबऱ्यांच्या गावात नुसतं नाव बदलून माणूस लपत नाही.