डोंगरपाणी (लेखांक 5) : मोसमच्या पाण्याची फडवाटणी

मोसम नदीच्या वाट्याला धावायला जेमतेम दोन तालुके येतात. बागलाणच्या पश्चिमेकडच्या साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांत उगम, मग हरणबारी, मुल्हेर, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर करत ती मालेगावला पोहोचते आणि तिथे गिरणेला मिळते. गिरणा पुढे तापीला मिळते. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वराचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते आणि साल्हेरचे खंबातच्या आखाताला.

साल्हेरची उंची 1567 मीटर. कळसूबाईनंतर राज्यात इतके उंच शिखर दुसरे नाही. माथ्याकडे पावसाळ्यात ढग मुक्कामाला येतात, तर खाली मालेगावात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मोसमचे सारे महत्त्व या तफावतीत आहे. पाऊस वर पडतो आणि तहान खाली लागते.

आल्प्समधल्या ओढ्यांना ही अडचण तितकी छळत नाही. तिथे हिवाळ्यात साठलेला बर्फ नेमका उन्हाळ्यात, पिकाला पाणी हवे असते तेव्हाच वितळतो. सह्याद्रीत बर्फ नाही, त्यामुळे साठवण करायची ती खडकाने. बेसॉल्टचे थर एकावर एक पसरलेले आहेत. झिजलेल्या, सच्छिद्र थरात पाणी मुरते, खालच्या घट्ट थरावर किंवा तांबड्या मातीच्या पट्ट्यावर अडते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते. पण ही कोठी लहान असते. वरचे रान उघडे पडले, माती वाहून गेली की तीही भरत नाही. मग पावसाळ्यात लोंढा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरडी वाळू.

या लहरीपणाशी ओढ्यातल्या जिवांनी कधीच जुळवून घेतले आहे. सह्याद्रीच्या अशा प्रवाहांत मळ्या नावाचा मासा आढळतो. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असतो, त्याने तो दगडाला घट्ट धरून राहतो आणि पुरात वाहून जात नाही. मुरी दगडगोट्यांच्या फटीत दडते, खेकडे काठाला बिळे करतात. उन्हाळ्यात उरलेल्या डोहांत ही मंडळी पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. काठचे उंबर, करंज, जांभूळ त्या डोहांवर सावली धरतात. म्हणून डोहात मोटार टाकून तो तळापर्यंत उपसला, की पाण्यासोबत पुढच्या पावसाळ्याचे बियाणेही जाते. पाणीवाटपाच्या बैठकांत हा मुद्दा क्वचितच निघतो.

माणसांनी मात्र या नदीवर जे रचले, त्याला तोड नाही. मोसम, शेजारची आरम आणि धुळे जिल्ह्यातली पांझरा या तीन नद्यांवरची फड पद्धत साधारण 300-400 वर्षांपूर्वीची मानली जाते. नदीत ठेंगणा बंधारा घालायचा. तो पाणी साठवण्यासाठी नसतो, वळवण्यासाठी असतो. पूर वरून निघून जातो, उरलेले पाणी पाटाला लागते. पाट 2 ते 12 किलोमीटर लांबीचा, त्यातून सेकंदाला साधारण 450 लिटर पाणी वाहते. पाटातून चारी, चारीतून सारंग, सारंगातून वावर. जादा झालेले पाणी सांडमातून परत नदीत. वरच्या बंधाऱ्याखाली मुरलेले पाणीही पुढे नदीला फुटते आणि खालच्या बंधाऱ्याच्या कामी येते. गळती म्हणून जिला नाक मुरडावे, तीच इथे पुढच्या गावाची मिळकत.

खरी करामत जमिनीच्या वाटणीत आहे. भिजणारे क्षेत्र बहुधा चार फडांत विभागलेले. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा बाजरी, एखादा पडीक. कोणता फड भिजवायचा, कोणता सोडायचा हे गाव दरवर्षी ठरवते. पाणी कमी असेल तर अख्खा फड वगळला जातो. ज्याची जमीन एकाहून अधिक फडांत, त्याचे थोडे बुडते, थोडे तरते. पाणी फिरवायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार. शेतकऱ्याने स्वतः पाणी तोडून घ्यायचे नाही, भरणे पाटकऱ्याच्याच हातून.

स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागातही हिमनद्यांचे पाणी कड्यांवरून नेणारे जुने पाट आहेत. तिथे कुणाची किती पाळी, हे लाकडी काठीवर खाचा पाडून नोंदवत. अशा पारंपरिक सिंचनाची युनेस्कोने 2023 मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंद घेतली. सात युरोपीय देश त्यासाठी एकत्र आले होते. साल्हेर किल्ल्यालाही 2025 मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, पण त्याच्या पायथ्याचे पाणी वाटणारे फड कुणाच्या यादीत नाहीत.

फडाला सोनेरी मुलामा देण्याचेही कारण नाही. त्यात मनाजोगे पीक घ्यायची मुभा नव्हती. विहिरीवर विजेची मोटार बसली आणि ज्याला डाळिंब, लवकरची द्राक्षे किंवा कांदा हवा होता, त्याला फडाची शिस्त जाचायला लागली. विहिरीत येणारे पाणी बरेचदा पाटाच्याच पाझराचे, पण ते स्वतःचे वाटते. वर हरणबारी धरण झाले तेव्हा नदीचे वेळापत्रकही बदलले. त्याची साठवण 1166 दशलक्ष घनफूट. आता आवर्तन सुटले की मोसम वाहते, आणि ते कधी सोडायचे याचा निर्णय पाटकऱ्याच्या हाती राहिलेला नाही.

पाणी पुरेना, म्हणून नजर आता पाणलोटाच्या पलीकडे गेली आहे. सुरगाण्याच्या बाजूला उगम पावणाऱ्या नार आणि पार या नद्या पश्चिमेला गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळतात. त्यांचे पाणी डोंगर ओलांडून गिरणा खोऱ्यात आणण्याच्या 7,015 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. पुढचा लेखांक त्या पश्चिम उतारावरच्या गावांबद्दल, जिथे पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात बायांना हंडा घेऊन दरीत उतरावे लागते.