खडखडाटाचं गाणं आणि आपला रेडिओ

दोस्तांनो, हा अंक क्षणभर खाली ठेवा, डोळे मिटा आणि अर्धा मिनिट नुसतं ऐका. कानांवर काय काय पडतंय ते बोटांवर मोजा बरं!

पंख्याची घरघर? कुकरची शिट्टी? शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनची टकटक? तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असाल, तर हापशाच्या दांड्याची करकर असेल, कडबाकुट्टीचा खडखडाट असेल, नाहीतर लांबून येणारा रेल्वेचा भोंगा असेल. आता सांगा, यातलं गाणं कोणतं?

"छे! हा तर नुसता गोंगाट!" असंच म्हणाल ना? घरातले मोठेही तेच म्हणतील. पण गंमत अशी, की याच गोंगाटाचं संगीत करणारी माणसं जगात होऊन गेली, आजही आहेत. आणि त्यांचं हे अजब संगीत लोकांपर्यंत पोचवण्यात मोठा हात आहे आपल्या जुन्या मित्राचा, म्हणजे रेडिओचा.

आगगाडीची मैफल

इटलीत लुईजी रुस्सोलो नावाचा एक चित्रकार होता. १९१३ साली त्यानं जाहीरच करून टाकलं, की जग आता यंत्रांचं झालं आहे, मग संगीतात यंत्रांचे आवाज का नकोत? नुसतं बोलून तो थांबला नाही. त्यानं मोठमोठी लाकडी खोकी बनवली आणि त्यांना पुढं कर्णे लावले. दांडा फिरवला की कुठलं खोकं गुरगुरायचं, कुठलं कडकडायचं, तर कुठलं शीळ घालायचं. १९१४ साली मिलान शहरात त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा लोकांनी एवढी हुल्लड केली की खोक्यांचा गोंगाट कोणता आणि लोकांचा कोणता, हे कळणंच मुश्कील!

पुढं १९४८ साल उजाडलं. पिएर शेफेर हा फ्रान्सच्या रेडिओत काम करणारा इंजिनीअर. पॅरिसमधल्या बातिन्योल स्टेशनात जाऊन त्यानं वाफेच्या इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. फुसफुस, शिट्ट्या, रुळांवरचा खडखडाट, सगळं! त्यासाठी त्यानं तबकड्या वापरल्या. तबकडीवरची रेघ गोल बंद केली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, हे त्यानं हेरलं. आवाजाचे तुकडे त्यानं मागंपुढं केले, जलद केले, हळू केले आणि एकाला एक जोडले. एका रचनेसाठी तर त्यानं चक्क स्वयंपाकघरातली पातेली वापरली! ५ ऑक्टोबर १९४८ ला फ्रान्सच्या रेडिओवर ही 'गोंगाटाची मैफल' ऐकवली गेली.

आता विचार करा, खडखडाटाचं संगीत कधी होतं? कुणीतरी तो लक्ष देऊन ऐकतं, त्यातला हवा तो तुकडा निवडतं आणि विचारपूर्वक मांडतं, तेव्हा. 'पातेलं' हा साधा शब्द वीस वेळा भरभर म्हणून पाहा. थोड्या वेळानं अर्थ विसरतो आणि नुसता ठेका उरतो. शेफेरनं आगगाडीचं हेच केलं.

आगगाडीचा तो ठेका आपल्याकडच्या आजोबा-आजींनाही पाठ आहे. दोन रुळांच्या सांध्यात फट असायची. त्या फटीवरून चाक गेलं की 'धडक-धडक' वाजायचं. आता रूळ वितळवून लांबच लांब सलग जोडतात, म्हणून प्रवास सुखाचा झाला. पण तो ठेकाही बराचसा गेला. आवाजसुद्धा असे हळूच निघून जातात, बरं का! जाताना ते कुणाला सांगत नाहीत.

कपाटातल्या फिती

असलं संगीत फक्त परदेशात झालं असं समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीमध्ये, १९६९ साली एक स्टुडिओ उभा राहिला. त्यात मूग सिंथेसायझर नावाचं, विजेवर आवाज निर्माण करणारं यंत्र होतं. अमेरिकेचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते बसवून दिलं. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई तिथं काम करायच्या. जिनराज जोशीपुरा नावाचा एक तरुण विद्यार्थीही करायचा. चित्रविचित्र गुणगुण, टपटप, घुमणारे सूर असं बरंच काही त्यांनी फितींवर उतरवलं.

आणि मग? मग त्या फिती कपाटात गेल्या. चाळीसहून अधिक वर्षं तिथंच राहिल्या! २०१७ मध्ये पॉल पर्गस या इंग्लंडच्या संगीतकाराला त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना जगाला ऐकायला मिळाल्या. पॅरिसचा खडखडाट रेडिओवर गेला म्हणून त्याची चर्चा झाली, त्यातून पुढं कितीतरी जण शिकले. अहमदाबादचा तेवढाच धाडसी प्रयोग मात्र इतकी वर्षं जवळजवळ कुणाला ठाऊकच नव्हता. आवाज नुसता करून भागत नाही. तो कुणालातरी ऐकवावा लागतो.

गंगाखेडची घरघर

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. गोदावरीच्या काठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनाबाई म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जातं! त्यांच्यासोबत विठोबा दळायला बसत असे, ही कथा तुम्हाला माहीत आहेच.

जात्याचा आवाज कधी नीट ऐकला आहे का? एकसारखी घरघर, मधेच दाणे टाकल्यावर किंचित जड झालेली, खुंट्याची करकर, बांगड्यांची किणकिण. गवयामागं तंबोरा असतो ना, तशी ओवीमागं ही घरघर असायची. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे फारच चांगलं झालं. पण जातं थांबलं तशा ओव्याही थांबायला लागल्या.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतेव्हँ यांनी हे वेळीच ओळखलं. सहकाऱ्यांना घेऊन ते गावोगाव फिरले. हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. ज्यांचा आवाज एरवी घराबाहेर गेला नसता, त्यांचा आवाज आज जगात कुठंही ऐकता येतो. कुणीतरी 'हे ऐकण्यासारखं आहे' असं मनावर घेतलं, म्हणून!

हवा कुणाच्या मालकीची?

"पण आमचा आवाज रेडिओवर कोण लावणार?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न अगदी रास्त आहे.

परभणीकरांना रेडिओ काही नवा नाही. आकाशवाणीचं परभणी केंद्र मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला अनेक वर्षं घराघरांत आणि शेतातल्या आखाड्यांवर ऐकलं गेलं. पावसाळ्यात वीज चमकली की त्या रेडिओत 'कर्रर्र' व्हायचं, कारण विजेतूनही रेडिओलहरी निघतात. अमेरिकेच्या जॉन केज यांनी तर १९५१ साली बारा रेडिओंसाठी एक रचना केली. वाजवणारे चोवीस. एकानं केंद्र बदलायचं, दुसऱ्यानं आवाज कमी-जास्त करायचा. त्या वेळी हवेत जे असेल, गाणं, बातम्या नाहीतर खरखर, तेच त्या दिवशीचं संगीत! या केजसाहेबांना १९४६ मध्ये भारतीय संगीताची ओळख कुणी करून दिली, ठाऊक आहे? आपल्या गीता साराभाईंनीच!

भारतात मात्र फार वर्षं रेडिओकेंद्र चालवायचं ते सरकारनंच, असा शिरस्ता होता. तो बदलायला निमित्त झालं क्रिकेटचं! सामन्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. तो देणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचं सार असं: आकाशातल्या लहरी ही सगळ्या जनतेची मालमत्ता आहे, तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे आणि त्यावर सार्वजनिक देखरेख हवी.

पण 'सगळ्यांची' म्हणजे 'कुणीही कशीही वापरावी' असं नव्हे. बिहारमधल्या मन्सूरपूर गावच्या राघव महतोचीच गोष्ट घ्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या तरुणानं २००३ च्या सुमारास स्वतःच एक छोटा प्रक्षेपक बनवला. खर्च, सुमारे पन्नास रुपये! उंच बांबूवर तो बांधून राघव गाणी आणि गावाच्या उपयोगाची माहिती ऐकवू लागला. लोक बेहद्द खूश झाले. पण परवाना नव्हता, म्हणून २००६ मध्ये केंद्र बंद करावं लागलं.

वाईट वाटलं ना? पण परवाना लागतो त्याला कारणही आहे. एकाच लहरीवर दोघं बोलू लागले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. शिवाय एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याच्या लगेच पुढं विमानांचा पट्टा सुरू होतो. घरगुती प्रक्षेपक थोडा जरी भरकटला तरी वैमानिकाच्या कानात घुसू शकतो! जपानमध्ये अगदी क्षीण प्रक्षेपकाला परवाना लागत नसे. १९८० च्या दशकात तेत्सुओ कोगावा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याचा फायदा घेऊन गल्लीपुरते चिमुकले रेडिओ सुरू केले. आपल्याकडे ती सवलत नाही, तेव्हा असला प्रयोग घरी करायचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आपल्याकडचा सरळ रस्ता म्हणजे 'सामुदायिक रेडिओ'. २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठं यांनाही असं केंद्र काढायला परवाना मिळू शकतो. शक्ती बेताची, पाच-दहा किलोमीटरपर्यंत पोचणारी. म्हणजे एक गाव आणि भोवतालच्या वाड्या! सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' असाच चालू झाला. तेलंगणातल्या माचनूरचा 'संघम् रेडिओ' १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला. तो चालवणाऱ्या दलित शेतकरी कुटुंबांतल्या बायका. परवाना मिळेपर्यंत त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. कित्येक वर्षं त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायच्या आणि गावोगावच्या बैठकांत कॅसेट लावून ऐकवायच्या. प्रक्षेपक नसला म्हणून काय झालं?

आधी कान, मग काम

'मेर्झबो' या नावानं संगीत करणारे जपानचे मासामी अकिता यांनीही सुरुवातीला आपला कानठळ्या बसवणारा गोंगाट कॅसेटवर भरून टपालानं देशोदेशी पाठवला. तो सगळ्यांना आवडतो असं नाही. तुम्हाला आवडलाच पाहिजे असंही नाही.

मग वरातीतल्या डीजेत आणि यात फरक काय? फरक आहे! रेडिओला बटण असतं. नको असेल तर ऐकणारा ते बंद करू शकतो. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांना तसं बटण ऐकणाऱ्याच्या हातात नसतं. घरात आजारी माणूस असो की परीक्षेचा अभ्यास, ऐकावंच लागतं. म्हणून तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला उघड्यावर बंदी आहे. दुसऱ्याच्या कानांचा मान ठेवणं, हा प्रयोगाचा पहिला नियम.

चला, करून पाहू!

१. आई-बाबांच्या मोबाइलवर आठवडाभरात दहा आवाज टिपा. एक आवाज दहा सेकंदांचा. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगांचा खुळखुळाट, हापसा, बैलांच्या घागरमाळा, जिनिंगच्या फाटकाबाहेरून येणारी घरघर, काहीही चालेल. यंत्राच्या जवळ मात्र जायचं नाही. माणसाचा आवाज घेताना आधी विचारायचं.

२. प्रत्येक आवाजाची नोंद वहीत करा: कशाचा, कुठला, किती वाजता, कोणत्या तारखेला.

३. घरात मध्यम लहरीचा जुना रेडिओ असेल तर दोन केंद्रांच्या मधे सुई ठेवा. सेलवर चालणारा रेडिओ असेल तर तो चालू एलईडी दिव्याच्या थोडा जवळ न्या. आवाज बदलतो का, ऐका. हाही आवाज टिपा.

४. दहांतले चारच निवडा. एक ठेक्यासाठी, एक तंबोऱ्यासारखा सतत, आणि दोन मधूनमधून दचकवायला. दोन मिनिटांची रचना करा. आवाज जोडणारं साधं ॲप मोठ्यांच्या मदतीनं वापरा. ते नसेल तर चौघांनी चार मोबाइल घेऊन, खुणेसरशी वाजवा. जॉन केज खूश होतील!

५. आता ऐकवा. सरांना-बाईंना विचारून शाळेच्या परिपाठात 'आमचा दोन मिनिटांचा रेडिओ' लावा. आधी काही सांगू नका. कोणता आवाज कशाचा, हे मुलांनाच ओळखू द्या.

पालकांनाही एक विनंती. मूल पातेलं वाजवत बसलं तर लगेच रागावू नका. "आणखी कसा वाजतो?" एवढंच विचारून पाहा. आणि आजीला तिच्या लहानपणी घरात कोणते आवाज होते, ते मुलांसमोर सांगायला सांगा. घरात जातं पडून असेल, तर मूठभर ज्वारी घालून तिला दोन फेरे फिरवू द्या. मोबाइल तेव्हा चालू ठेवा.

कारण उद्या तुमची मुलं विचारतील, "हापसा कसा वाजायचा हो?" तेव्हा हातवारे करून सांगता येणार नाही. आवाज ऐकवावाच लागतो. तो जपून ठेवायचा की नाही, हे आज तुमच्या हातात आहे.