वेशीतले दगड आणि गावाची पांढर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बालाघाटच्या पठारावरील ईट हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात येते. याच तालुक्यात माणकेश्वरचे शिल्पसमृद्ध शिवमंदिर उभे आहे आणि याच जिल्ह्यात तेर, म्हणजे प्राचीन तगर, आहे. अशा भूभागाचा इतिहास दगडांत आणि मातीत साठलेला असतो. परंतु त्याविषयी रूढ झालेल्या काही समजुती तो वाचण्याच्या आड येतात.

गैरसमज : प्रत्येक जुने दगडी देऊळ हेमाडपंताने बांधले.

वस्तुस्थिती : हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकातील, श्रीकरणाधिप (दफ्तराचा प्रमुख अधिकारी) होता. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, असल्याने ही बांधणी त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच प्रगत झाली होती, हे स्पष्ट होते. सांध्यांत चुना न भरता, घडीव दगड खाचा आणि खुंट्यांनी एकमेकांत बसवून त्यांच्याच भाराने स्थिर ठेवण्याच्या या पद्धतीला ‘हेमाडपंती’ हे नाव पुढे रूढ झाले. ते शैलीचे नाव आहे, बांधणाऱ्याचा पुरावा नव्हे.

गैरसमज : वेशीत किंवा मारुतीच्या पारावर उभे असलेले कोरीव दगड म्हणजे अनाम देव होत.

वस्तुस्थिती : यांतील पुष्कळसे वीरगळ, म्हणजे लढताना मरण पावलेल्या वीरांची स्मारके, असतात. ते खालून वर वाचायचे असतात : तळाच्या चौकटीत युद्ध किंवा वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर दिसतो. तळाशी गाई कोरलेल्या असतील, तर गोधनाच्या रक्षणार्थ झालेल्या लढाईचा तो निर्देश असतो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल, तर ती सतीशिळेची, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या स्मारकाची, खूण होय.

गैरसमज : दगडावरील चंद्र-सूर्य ही खाली पुरलेल्या धनाची खूण असते.

वस्तुस्थिती : चंद्र-सूर्य हे चिन्ह ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र आणि सूर्य असेपर्यंत, या अर्थाचे असून ते स्मृती किंवा दान चिरकाल टिकावे, अशी इच्छा व्यक्त करते. गद्धेगाळ नावाच्या दानशिळेवर त्याच्या जोडीला गाढवाचे अश्लाघ्य शिल्प कोरलेले असते. ती दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी होय. धनाच्या लोभाने असे दगड उखडले, की धन तर मिळत नाहीच, पण दगड आणि त्याची जागा यांचा संबंध कायमचा तुटतो.

गैरसमज : इतिहास दगडातच असतो, गावालगतचे मातीचे टेकाड म्हणजे निव्वळ उंचवटा.

वस्तुस्थिती : मराठी गावात शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. राख, शेण, कोसळलेल्या भिंतींची माती आणि खापरे शतकानुशतके साचून पांढरीची टेकाडे तयार होतात. तेरच्या अशाच टेकाडांतून सातवाहनकालीन वस्तू मिळाल्या. तगरचा माल गाड्यांनी भडोच बंदराला जात असे, हे इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथ ‘पेरिप्लस’ सांगतो. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा गजपृष्ठाकार, म्हणजे मागील बाजूने अर्धगोल असलेला, गाभारा तर विटांचा आहे. म्हणून पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी उपसली जाते, तेव्हा इतिहासाच्या ग्रंथाची पानेच फाडली जातात.

वीरगळावर तैलरंगाचे थर चढवले, की कोरीव रेषा बुजतात. तो नव्या देवळाच्या पायात घातला, की वीर दुसऱ्यांदा मरतो. म्हणून गावोगावच्या वाचकांनी असा दगड आढळल्यास तो न हलवता, न रंगवता, आहे त्या जागी त्याचे छायाचित्र घेऊन स्थळाची नोंद करावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. ज्या गावासाठी तो वीर पडला, त्या गावाने त्याच्यासाठी एवढे करणे हे कर्तव्यच आहे.