नाण्याला २४ तास, सेलला २

फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममधल्या एका कपाटाच्या खणांत २,३७४ वस्तू नीट मांडून ठेवल्या आहेत. उघड्या सेफ्टीपिना, बटणे, नाणी, हाडे, खेळण्यातली इवलीशी दुर्बीण. या सगळ्या कुणाच्या तरी घशात, अन्ननलिकेत किंवा श्वासनलिकेत अडकल्या होत्या. डॉ. शेव्हेलियर जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी त्या टोकाशी दिवा असलेल्या नळीतून, चिमट्याने काढल्या. बहुतेक वेळा कुठेही चीर न देता.

गिळलेल्या वस्तूंपैकी ८० ते ९० टक्के आपोआप शौचावाटे पडून जातात. १० ते २० टक्के दुर्बिणीने काढाव्या लागतात. शस्त्रक्रियेची वेळ जेमतेम १ टक्का रुग्णांवर येते. या आकड्यांनी धीर येतो, पण त्यांत नाण्यासारखा चपटा, गोल सेल बसत नाही, कारण तो आतून भाजतो.

जॅक्सन यांनी आपल्या आत्मचरित्रात सात वर्षांच्या एका मुलीबद्दल लिहिले आहे. कॉस्टिक सोडा पोटात गेल्याने तिची अन्ननलिका भाजून आक्रसली होती, पाण्याचा घोटही उतरत नव्हता. त्यांनी आत अडकलेला करडा गोळा काढला. तिने भीत भीत घोट घेतला, मग दुसरा. मग नर्सच्या हातातला पेला हळूच बाजूला सारून तिने डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेतले. अशी मुले पाहूनच ते कायद्यासाठी झगडले. अखेर १९२७ मध्ये अमेरिकेत कॉस्टिक सोड्याच्या डब्यांवर विषाचा इशारा छापणे सक्तीचे झाले.

आज तोच दाह छोट्या रिमोटमधल्या चपट्या सेलमधून येतो. व्यास २० मिलिमीटर, म्हणजे हल्लीच्या एक रुपयाच्या नाण्याएवढा, जाडी सुमारे ३ मिलिमीटर, ३ व्होल्ट. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तराला टेकताच त्यातून वीज वाहते आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. रिमोट चालवू न शकणारा 'संपलेला' सेलही तेवढे करतो. मुलाला काहीच त्रास नसेल, तर अन्ननलिकेतल्या नाण्यासाठी डॉक्टर २४ तासांपर्यंत थांबू शकतात. सेलने मात्र २ तासांतच अन्ननलिका गंभीर भाजते. एक्स-रेत दोन्ही गोलच दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ असते, एवढाच फरक.

मूल एक वर्षावरचे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून १२ तास उलटले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यासाठी निघायला मिनिटाचाही उशीर नको. सेल निघाल्यावरही जखम खोल जात राहते. शेजारची महाधमनी काही आठवड्यांनी फुटल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून मूल हसत घरी आले तरी पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि रक्ताची उलटी किंवा काळी शी दिसली तर तडक रुग्णालय गाठायचे.