डिस्क बेंड झालीय, साहेब

ग्राहकाने "ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं" म्हणायचा अवकाश, काउंटरवरचं पेन जॉबकार्डावर 'डिस्क बेंड' लिहून मोकळं होतं. गाडी अजून गेटातच असते. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून पुण्याच्या वर्कशॉपांत माझी उमेदीची वर्षं गेली. या दोन शब्दांवर किती नव्या डिस्क खपल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. काचेच्या पलीकडे, जिथे ग्राहकाला मज्जाव असतो, तिथे मात्र आमचे जुने वस्ताद हे शब्द तोंडातून काढत नसत. ते एवढंच विचारायचे, "चाक शेवटचं कुणी उघडलं होतं?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, वस्ताद विषय टाळतायत. पण डिस्क म्हणजे बिडाची चकती. ती हबवर नुसती टेकलेली असते; तिला आवळून धरतात ते चाकाचे नट. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा टायरवाल्याने हवेच्या गनने एक नट जास्त आणि दुसरा कमी आवळला, की डिस्क फिरताना किंचित डुलते. किंचित म्हणजे किती? बहुतेक कंपन्या 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या वर डुलणं चालवून घेत नाहीत. वर्तमानपत्राचा एक कागद तेवढा जाड असतो. आणि डुलणारी डिस्क लगेच थरथरत नाही, हीच खरी मेख. ब्रेक न मारताही तिचा तोच भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासत राहतो, तिथे ती पातळ होत जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर एके दिवशी पायाखालचं पेडल धडधडायला लागतं. तोवर टायरवाल्याकडे गेल्याचं कुणाला आठवतही नसतं.

वस्तादांची स्वतःची एक जुनी छोटी गाडी होती. गुरुवारच्या सुट्टीला ते घरासमोरच्या बोळात तिची कामं काढायचे, आणि ते बघायला मी मुद्दाम जायचो. कारण वर्कशॉपमधले वस्ताद आणि बोळातले वस्ताद ही दोन वेगळी माणसं होती. वर्कशॉपमध्ये पुढच्या डिस्क आणि पॅड बदलायला वेळ ठरलेला असतो, आणि त्या वेळेवर इन्सेन्टिव्ह. त्यात जुनी डिस्क काढून नवी बसवणं बसतं, हब घासणं बसत नाही. बोळात घड्याळ नव्हतं.

आधी चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जॅकवर गाडी उचलली की लगेच खाली स्टँड, आणि तो बसेपर्यंत कुणी हातसुद्धा आत घालायचा नाही. याबाबतीत बोळातल्या पोरांनाही शिवी खावी लागे. कॅलिपर सुटला की तो बाइंडिंगच्या तारेने स्प्रिंगला टांगायचा, कारण होजवर लोंबकळत ठेवला तर रबर आतून फाटतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जाम झालेल्या डिस्कवर आमच्याकडची पोरं सरळ हातोडी चालवायची. वस्ताद डिस्कच्या टोपीवरची दोन आटे पाडलेली भोकं दाखवायचे. बऱ्याच गाड्यांना ती असतात आणि बऱ्याच जणांना ती कशासाठी आहेत ते ठाऊक नसतं. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने पिळत गेलं की डिस्क आपोआप हबवरून सुटून पुढे येते. हातोडीचे घाव मात्र बेअरिंगला बसतात.

आणि मग हब. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पुन्हा ब्रश, प्रत्येक बोल्टच्या मुळाशी, मधल्या उंचवट्याच्या कडेला. बाकी सगळ्या कामाला लागला नसेल इतका वेळ ते इथे घालवत. नवी डिस्क तीन नटांवर आवळून, चुंबकाचा डायल गेज लावून, हाताने फिरवत काटा बघायचे. काटा जास्त हलला तर डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवायची आणि पुन्हा बघायचं. हे आमच्या बिलात कधीच कुठल्या ओळीत नसे.

डिस्क किती झिजली हे ठरवण्याचाही एक पडद्यामागचा खेळ आहे. ग्राहकाला कडेचा उंचवटा नखाने जाणवून द्यायचा. 'बघा साहेब, केवढी कड आलीय' म्हटलं की माणूस घाबरतो. वास्तविक कड प्रत्येक वापरलेल्या डिस्कला येते. खरा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, 'मिनिमम थिकनेस' म्हणून. नव्या 22 मिलिमीटरच्या डिस्कवर तो बहुधा 20 असतो. म्हणजे दोन्ही बाजू मिळून दोन मिलिमीटर, एवढंच तिचं आयुष्य.

एकदा पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झालेले काका आले. आमच्या पोराने व्हर्नियर लावला, पावणेबावीस आले, "डिस्क ओके" म्हणाला. काकांनी खिशातून लाकडी पेटी काढली, पेटीतून मायक्रोमीटर. कडेपासून बोटभर आत, वेगवेगळ्या आठ ठिकाणी मापं घेतली आणि कागदावर लिहिली. सगळी विसाच्या खाली. व्हर्नियरचे जबडे न झिजलेल्या कडेवर टेकत होते, पोरगं कडेची जाडी मोजत होतं. मग काउंटरवर उलटाच तमाशा झाला: वर्कशॉप म्हणतंय गरज नाही, आणि ग्राहक म्हणतोय माझ्याकडून पैसे घ्या, डिस्क बदला. मॅनेजरलाही काय बोलावं सुचेना. काकांनी मग डिस्क नाना पेठेतून आणल्या आणि घरी स्वतःच बसवल्या. जाताना मायक्रोमीटर कसा धरायचा ते मात्र आमच्या पोराला शिकवून गेले.

डिस्क वाकते की नाही, यावर कॅरोल स्मिथ नावाच्या अमेरिकी रेस इंजिनिअरने एक प्रसिद्ध टिपण लिहून ठेवलं आहे. 1960च्या दशकात ल मांची शर्यत जिंकणाऱ्या फोर्ड जीटी40च्या मोहिमेतला हा माणूस. चाळीस वर्षांच्या शर्यतींत आपण खरी वाकलेली डिस्क एकदाही पाहिली नाही, असं तो सांगतो. तडकलेल्या पाहिल्या, वाकलेली नाही. त्याच्या मते थरथरीमागे बहुधा डिस्कवर असमान चिकटलेला पॅडचा थर असतो. तो थर तापत राहिला की खालच्या बिडाचं रूप बदलतं, सिमेंटाइटचे टणक डाग पडतात. अशी डिस्क लेथवर फेस मारून आणली तरी काही दिवसांनी पुन्हा थरथरते, कारण डाग खोलवर गेलेला असतो आणि भोवतालचं मऊ बीड त्याच्याआधी झिजतं.

हे वाचल्यावर मला आमच्या मुंबईकर ग्राहकांच्या थरथरीचं कोडं सुटलं. बोरघाट उतरताना गाडी उतारावर, पाय ब्रेकवर, डिस्क लाल व्हायच्या बेतात. आणि खालापूरच्या टोलला रांग. तिथे पेडल दाबून उभं राहिलं की तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी आपला छाप सोडतो. फास्टॅग आल्यापासून रांगा कमी झाल्या, हा ब्रेकवरचा न मोजलेला उपकार आहे. घाट खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्यांना ही तक्रार क्वचितच येते.

घरी काम करणाऱ्याने घाबरावं अशी गोष्ट मात्र वेगळीच. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलावा लागतो (मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर तो ढकलायचा नसतो, फिरवत आत घ्यायचा असतो). त्यानंतर पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट तळाला जातं, कारण पॅड अजून डिस्कपर्यंत पोचलेलेच नसतात. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारत राहायचं, बस्स. एका वर्कशॉपमध्ये नव्या पोराने ते न करता गाडी रॅम्पवरून उलटी सोडली. ती समोरच्या भिंतीत, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या ग्राहकाच्या स्कूटरसकट. त्या दिवशी काचेचे पडदे पहिल्यांदाच ओढले गेले.

जुनी पोरं ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवायची. तीही सवय वाईट. फ्रेडरिक लँचेस्टरने 1902मध्ये इंग्लंडात डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा तांब्याचे पॅड इतके किंचाळायचे की लोक वैतागले. पुढे ॲस्बेस्टॉसचं अस्तर आलं, किंचाळणं थांबलं, आणि फुप्फुसांचं दुखणं सुरू झालं. आजच्या पॅडमध्ये ते बहुधा नसतं, पण स्वस्त मालाच्या डब्यात काय आहे कोण सांगणार? ब्रेक क्लीनरने धुवावं, तोंडाला मास्क लावावा.

पहिल्या पावसानंतर काउंटरचा फोन वाजत राहायचा: डिस्क नारिंगी झाली. आम्ही सांगायचो, चार-सहा ब्रेक मारा, निघून जाईल, वरवरचा गंज आहे. बहुतेकांचं जायचं. एक गृहस्थ मात्र शिस्तीचे निघाले. त्यांनी घरीच चाकं काढून डिस्क पॉलिश पेपरने चकचकीत घासली आणि पुन्हा गंजू नये म्हणून वर शिलाई मशीनचं तेल लावलं. नशीब, सोसायटीच्या गेटाशीच कळलं. गाडी टो करून आणली. वस्तादांनी डिस्क ब्रेक क्लीनरने धुतल्या, मायक्रोमीटर लावला, वर बघितलंसुद्धा नाही. तेल प्यायलेले पॅड टाकून द्यावे लागले. बिलात पॅडचा एक सेट, टोइंग आणि मजुरी होती. डिस्कचा एक रुपयाही नव्हता.