चढावर कुणीतरी उभे असते

मॅरेथॉन धावणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण रस्त्याच्या कडेला तासन्‌तास वाट पाहणाऱ्या त्याच्या घरच्या माणसांचे काय? मुंबईच्या पेडर रोडवर एका संक्रांतीच्या सकाळी एका कुटुंबाला श्रद्धेचा नवा अर्थ उमगला, त्याची ही हकिगत.

१५ जानेवारी २०२३. रविवार होता आणि मकरसंक्रांतही. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून निघालेले चौघे जण पेडर रोडच्या पदपथावर येऊन उभे होते. पंचाहत्तरीच्या आजी, त्यांचा मुलगा, दहावीतली नात आणि सहावीतला नातू. आजींच्या पिशवीत स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू होते. नातवाच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती. तिच्यावर रंगीत खडूने लिहिले होते, ‘आई, थोडंच राहिलं!’

त्यांची आई, म्हणजे आजींची सून, तेव्हा शहराच्या रस्त्यांवर कुठेतरी धावत होती. वय सत्तेचाळीस. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ती पहिल्यांदाच धावत होती.

धास्तीचे कारण

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे ती झाली नाही. त्याआधी २०२० मध्ये या गृहिणीने अर्ध्या मॅरेथॉनमध्ये भाग घेतला होता. तेव्हा याच पेडर रोडच्या चढावर तिला भोवळ आली. अनोळखी माणसांनी तिला सावलीत बसवले, पाणी दिले, घरी फोन केला. नवरा धावतपळत पोहोचला तेव्हा ती पदपथावर पाय पसरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते.

त्या दिवसापासून घरात धावण्याचा विषय निघाला की नवऱ्याचा चेहरा उतरायचा. “अगं, हे वय आहे का हे सगळं करायचं? उद्या काही झालं तर मुलांनी कुणाकडे बघायचं?” असे तो विचारी. त्याचे चुकत होते असेही नाही. ज्याने आपले माणूस रस्त्यात कोसळलेले पाहिले आहे, त्याची भीती खोटी कशी म्हणता येईल?

पण तिने हट्ट सोडला नाही. डॉक्टरांकडून तपासण्या करून घेतल्या. पहाटे साडेचारला उठून, कुकर लावून ती धावायला जाई आणि मुलांच्या डब्याच्या वेळेला परत येई. शेवटी आजींनीच मध्यस्थी केली. “अरे, जाऊ दे तिला. अडवून माणूस घरात राहतं, पण मनातून निघून जातं,” त्या मुलाला म्हणाल्या. नवऱ्याने होकार दिला. शिवाय एक वचनही दिले. रस्त्यात भेट होईल तेव्हा तोंडातून ‘आता पुरे’ हे शब्द काढायचे नाहीत.

न दिसणारे माणूस

धावणारे माणूस प्रेक्षकाला किती वेळ दिसते? फार तर अर्धा मिनिट. बाकीचे पाच-सहा तास ते दिसत नसते. वाट पाहणाऱ्यांची खरी परीक्षा असते ती याच वेळात.

सुरुवातीला गंमत वाटत होती. त्या वर्षीचा विजेता, इथिओपियाचा हायले लेमी, २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत सगळे अंतर कापून गेला. तो समोरून गेला तेव्हा आजी म्हणाल्या, “अगंबाई, हा माणूस की वारा!” आसपासच्या इमारतींतली कुटुंबे संत्र्याच्या फोडी, केळी, बिस्किटे, मीठ घेऊन रस्त्यावर उतरली होती. कुणी ढोलकी वाजवत होते. धावणाऱ्यांच्या छातीवरच्या कागदावर नाव वाचून लोक ओळखदेख नसताना त्यांना हाका मारत होते.

साडेनऊ वाजले. सून या सुमाराला यायला हवी होती. नात सारखी फोनमध्ये पाहत होती. धावणाऱ्याच्या नंबराच्या कागदाला एक चिप असते. रस्त्यात ठराविक ठिकाणी टाकलेल्या पट्ट्यांवरून पाय पडला की तिची नोंद होते आणि घरच्यांना ती फोनवर दिसते. ३० किलोमीटरची नोंद झाली होती. पुढचे काहीच नव्हते. नकाशावरचा ठिपका मात्र सरकत होता.

“ती येतेय, बाबा. बघा ना!” नातू म्हणाला.

“तो नुसता अंदाज असतो रे,” नातीने हळूच सांगितले. “ती खरी कुठे आहे, हे त्यात कळत नाही.”

तीस किलोमीटरनंतरचा टप्पा मॅरेथॉनमध्ये सर्वांत कठीण मानतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर या सुमारास संपत येते, पाय शिशासारखे जड होतात. त्यात मुंबईची दमट हवा, वर चढत जाणारे ऊन. आणि मग हाजी अलीकडून येताना समोर उभा राहतो हा पेडर रोडचा चढ. एरवी मोटारीतून जाताना जाणवणारही नाही असा हा चढ पस्तीस किलोमीटर धावून आलेल्याला डोंगरासारखा वाटतो.

पावणेदहा झाले. दहा झाले. नवऱ्याने तीनदा घड्याळ पाहिले. “मी खाली जाऊन बघून येतो,” तो म्हणाला.

दिवेघाटातले बैल

आजींनी त्याचा हात धरला. “आपण कुठे उभे राहणार ते तिला सांगितलं होतंस ना? मग इथून हलायचं नाही. ती येईल आणि आपण जागेवर नसलो तर?”

आजी सासरकडून वारकरी घराण्यातल्या. गुडघे धरले नव्हते तोवर त्यांनी तीन वेळा आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली होती. त्या दिवशी पदपथावर त्यांनी नातवंडांना दिवेघाटाची गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा रथ एरवी आपल्या बैलांवर चालतो. पण दिवेघाटाचा चढ आला की रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपतात. आसपासच्या गावांतले शेतकरी आपली जनावरे घेऊन येतात. घाट चढून झाला की त्या जोड्या सोडतात आणि रथ पुढे जातो.

“ते बैल काही पंढरपूरपर्यंत जात नाहीत,” आजी म्हणाल्या. “त्यांचं काम घाटापुरतं. पण ते नसते तर? आपण आज घाटातले बैल आहोत, बाळांनो. चालायचं तिचं तिलाच आहे.”

वारीत कोण आधी पोहोचले हे कुणी विचारत नाही. वाटेवरच्या गावात कुणी भाकरी देते, कुणी पाय चेपून देते आणि अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणते. पेडर रोडवर संत्र्याच्या फोडी वाटणारी माणसे नाना धर्मांची होती. मॅरेथॉनची वाट तर माहीमच्या चर्चवरून, हाजी अलीच्या दर्ग्यासमोरून जाते. ख्रिस्ती धर्मातल्या प्रेषित पौलानेही आपल्या पत्रांत श्रद्धेच्या आयुष्याला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे. धर्म कुठलाही असो, वाट लांबची आहे आणि ती सोबतीने सोपी होते, हे सगळ्यांनीच ओळखलेले दिसते.

पन्नास पावले

सव्वादहाला नातू ओरडला, “आई!”

ती धावत नव्हती, चालत होती. उजवा पाय किंचित ओढत होती. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ सुकले होते. नवऱ्याच्या ओठांवर तेच शब्द आले होते. त्याने ते गिळले. “चल, मी आहे,” एवढेच तो म्हणाला.

आजींनी तिच्या तळहातावर लाडू ठेवला. “घे गं, आज संक्रांत आहे.” ती हसली. मग ती रस्त्यावरून आणि मुले पदपथावरून, अशी ती चढाच्या माथ्यापर्यंत सोबत चालली. पन्नासएक पावले असतील. माथ्यावर मुले थांबली. आई केम्प्स कॉर्नरच्या उताराला लागली, आणि बघता बघता तिची चाल हळूहळू धावण्यात बदलली.

सुमारे सहा तास दहा मिनिटांत तिने शर्यत पूर्ण केली. आझाद मैदानाबाहेर घरची माणसे भेटली तेव्हा तिच्या गळ्यात पदक होते आणि हातात अर्धा लाडू शिल्लक होता.

“मला वाटलं, तू पुन्हा कुठे पडलीस की काय,” नवरा म्हणाला. “इतका वेळ तू दिसत नव्हतीस.”

“अहो, मला तरी तुम्ही कुठे दिसत होता?” ती म्हणाली. “बत्तीस किलोमीटरवर पायात गोळा आला. दहा मिनिटं बसले होते. सोडून द्यावं असं वाटलं. मग मनात आलं, चढावर तुम्ही उभे असाल. आईंनी डबा आणला असेल. तेवढ्यावर उठले.”

इकडची माणसे तिला पाहू शकत नव्हती, तिकडे तिला ही माणसे दिसत नव्हती. तरी ती येईल म्हणून हे जागा सोडत नव्हते, आणि हे असतील म्हणून ती उठून चालू लागली होती. श्रद्धा याहून वेगळी काय असते? देवाने वाटेतला चढ काढून टाकावा, असे मागणे सोपे आहे. चढ राहतोच. पण त्या चढावर आपल्यासाठी कुणीतरी उभे आहे, हा विश्वास पायांत बळ आणतो.

आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी अशी लांबची वाट चालत असते. कुणाची परीक्षा असते, कुणाचे आजारपण, कुणाची नोकरीची वणवण. त्यांच्यासाठी धावणे आपल्या हाती नसते. ठरल्या जागी, ठरल्या वेळी, डब्यात दोन लाडू घेऊन उभे राहणे मात्र नक्कीच असते.