तीनशे साठ फुटांचा हिशेब

रस्त्याचे महत्त्व त्याच्या लांबीवरून व त्यावरील वर्दळीवरून ठरविण्याची सवय आपल्या नियोजनाला जडली आहे. बिहारच्या गया जिल्ह्यातील गेहलौरची खिंड या सवयीला विचारलेला एक अवघड प्रश्न आहे.

अत्री आणि वजीरगंज हे दोन विकास गट. मध्ये खडकाळ डोंगर. दवाखाना आणि बाजार डोंगरापलीकडे; वळसा सुमारे ५५ किलोमीटरांचा. डोंगरवाटेवर पत्नीला झालेली दुखापत आणि पुढे तिचा मृत्यू, यातून दशरथ मांझी या भूमिहीन मजुराने १९६० साली छिन्नी-हातोडा हाती घेतला. १९८२ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्याने खडक फोडला. ३६० फूट लांब, ३० फूट रुंद आणि काही ठिकाणी २५ फूट खोल अशी खिंड तयार झाली. अंतर १५ किलोमीटरांवर आले.

या चाळीस किलोमीटरांचा हिशेब मांडला पाहिजे. मजुराचा न बुडणारा रोज, रुग्णाला वेळेत मिळणारा उपचार, मुलांच्या आवाक्यात येणारी शाळा, हे सारे त्यात येते. वाहतूक नाही म्हणून रस्ता मंजूर होत नाही आणि रस्ता नाही म्हणून वाहतूक वाढत नाही. या दुष्टचक्रात असे लाभ कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

याच काळात, १९७२-७३ च्या दुष्काळात, महाराष्ट्रातील लाखो हात रस्त्यांसाठी खडी फोडत होते. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. इकडे त्या श्रमाला सरकारी तिजोरीतून मजुरी मिळाली. गेहलौरमध्ये एकाच माणसाने ते विनामूल्य केले. श्रमशक्ती दोन्हीकडे होती. तिला रस्त्याशी जोडणारी व्यवस्था मात्र एकीकडेच होती.

पुढे २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने लोकसंख्या हा निकष मानला: सपाट प्रदेशात पाचशे, डोंगरी व आदिवासी भागांत अडीचशे. हे मोठेच पाऊल होते. परंतु निकषाच्या खाली राहणाऱ्या पाड्यांचे काय? सातपुड्यात आणि सह्याद्रीत रुग्णाला झोळीतून न्यावे लागल्याच्या बातम्या आजही येतात.

मांझी यांचे २००७ साली निधन झाले. शासकीय इतमामात त्यांचे अंत्यसंस्कार झाले. असा सन्मान योग्यच. तथापि एका नागरिकाची बावीस वर्षे ज्या कामात गेली, ते काम मुळात कोणाचे होते, हा प्रश्न त्या सन्मानाने मिटत नाही.